अफिएमी

पाळकसाहेबांनी फळ्यावर ‘अफिएमी’ लिहिलं आणि बोटांवरचा खडू झटकला. शरणपूरच्या त्यांच्या ओसरीवर दर रविवारी बायबलच्या ग्रीकचा वर्ग भरे. आज एकटी साक्षीच आली होती. अंगणात मोत्या फाटकाकडे तोंड करून भुंकत होता.

“म्हणजे सोडणे,” ते म्हणाले. “कोळ्यांनी जाळी सोडली, तिथे हेच क्रियापद. कुणाचं पाप सोडलं, म्हणजे क्षमा केली, तिथेही हेच.”

“आणि बायकोला सोडलं तर?”

“तिथेही हेच.”

“आणि पोटच्या पोरीला?” स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोने, लताबाईंनी विचारलं.

साक्षीने मान खाली घातली. सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. पाळकसाहेबांच्या लेकीने, दीपमालाने, चर्चच्या मंडळीबाहेरच्या, पिंपळगावच्या सोमनाथशी कोर्टात लग्न केलं, आणि जन्मभर क्षमेवर प्रवचनं देणारा बाप भर अंगणात म्हणाला, “मी तिला सोडलं.” झालं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण पिंपळगावची द्राक्षं घेऊन टेम्पो गेला, की हाच म्हातारा वळणापर्यंत बघत राही. लताबाईंना ते दिसे. त्यांचा स्वतःचा जीव तर रोजच तुटे. लेकीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या चहा घेऊन बाहेर आल्या.

“अहो, फाटकाशी दीपा उभी आहे. मीच बोलावलं तिला. तिने आपल्या लेकीलाही आणलंय, सृष्टीला. तुम्ही नाही म्हणालात तर आल्या पावली परत जाईल, आणि मग मी काही पुन्हा बोलवणार नाही.”

पाळकसाहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते फळ्याकडेच बघत राहिले. मोत्याचं भुंकणं वाढलं, आणि फाटकापलीकडून एक बारीक आवाज आला, “आई, हा चावतो का गं?”

खडू त्यांच्या हातातून खाली पडला.

“एक अर्थ राहिला, साक्षी,” ते म्हणाले. “शिष्य लेकरांना अडवत होते, तेव्हा प्रभू त्यांच्यावर रागावला ना? तेव्हा लेकरांना आपल्याजवळ येऊ देण्याविषयी तो जे म्हणाला, तिथेही हेच क्रियापद आहे.”

“तिथे मराठीत काय लिहू?”

त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसायचं मात्र राहून गेलं.

“लता,” ते म्हणाले, “मोत्याला धर. आणि त्या दोघींना आत सोड.”