तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

लष्करी पोलिसांच्या शाळेत मी अकरा वर्षं कायदा शिकवतोय. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो: जबाब स्वखुशीचा हवा. मग पोरांना समजावतो की, फौजेत वरिष्ठाचा प्रश्न म्हणजे हुकूमच. म्हणून समोरच्याला आधी बसवा, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल असं सांगा आणि मगच विचारा. पोरं जांभया देतात. खरं सांगायचं तर मलाही तो सगळा नुसता सोपस्कार वाटायचा.

शेजारच्या क्वार्टरमधल्या मावशींचा मुलगा कोठारात कारकून होता. कोठाराच्या लोखंडी जिन्यावरून पडून तो गेला. जिन्यावर त्या वेळी दुसरा एकच माणूस होता, एक शिपाई. आदल्या दिवशी दोघांची चांगलीच जुंपली होती. तपासाला माणसं कमी होती, म्हणून मास्तरलाच, म्हणजे मला, पाठवलं.

शिपाई खोलीत येऊन सावधान उभा राहिला. मी त्याला तसाच उभा ठेवला.

"तू ढकललंस?"

"नाही साहेब."

पुन्हा विचारलं. "नाही साहेब, त्याचा पाय घसरला."

मावशींचं सकाळचं रडणं माझ्या कानात होतं. तिसऱ्यांदा मी परेडच्या मैदानावरच्या आवाजात ओरडलो, "ढकललंस की नाही?"

"होय साहेब!" त्यानं टाचा जुळवल्या.

मी लिहिलं, त्यानं सही केली. घरी येऊन मावशींना मोठ्या ऐटीत म्हणालो, "कबूल झाला."

लष्करी न्यायालयात त्याच्या वकिलानं मला एकच गोष्ट विचारली, "जबाब देताना हा कसा होता? बसलेला की उभा?"

बसलेला म्हणालो असतो तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मागच्या बाकावरून मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"सावधान," मी म्हणालो.

जबाब बाद झाला. दुसरा पुरावा नव्हता, शिपाई सुटला. जाताना त्यानं मला कडक सलाम ठोकला, त्यातूनही काही कळलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं, ना राग, ना लाज. घरी आलो आणि सकाळीच पॉलिश केलेले बूट परत पॉलिश करत बसलो.

संध्याकाळी मावशींनी हाक मारली. मुलाचे गणवेश परत द्यायचे होते, त्यांच्या घड्या चालल्या होत्या.

"उभा का? बस की."

मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या.

"नसेल सांगायचं तर नको सांगूस. पण त्यानंच ढकललं ना रे?"

अकरा वर्षांत इतका कायद्याला धरून प्रश्न कुणी विचारलेला मी पाहिला नव्हता. 'होय' अगदी ओठांवर आलं होतं. त्यांना तेच ऐकायचं होतं.

"माहीत नाही, मावशी. आधी दोनदा तो नाही म्हणाला होता. मी ओरडलो, तेव्हा होय म्हणाला."

"मग आता नीट विचार त्याला. बसवून."

"आता तो काहीही म्हणाला तरी खरं काय ते कळायचं नाही."

त्यांनी एका सदऱ्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"म्हणजे तेव्हा कळलं असतं."

"हो."

त्यांनी माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेतला.