बॉनेट उघडण्याच्या अधिकाराबाबत

शनिवारी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी नानांनी गाडीचं तापणारं इंजिन दुरुस्त केलं.

हे वाक्य वाचलं असेल तर विसरून जा. घरच्या अधिकृत नोंदीनुसार असं काहीही घडलेलं नाही, आणि त्या नोंदीविरुद्ध बोलायची आपली प्राज्ञा नाही. तेव्हा सकाळपासून सुरुवात करू. सकाळी गाडी तापत होती आणि नाना थंड होते.

नाना म्हणजे निवृत्त वजनमापं निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू तपासले, आणि ती सवय पेन्शनबरोबर घरी आली. बायको म्हणाली, "चिमूटभर मीठ टाका," की ते विचारायचे, "कुणाची चिमूट?" नोकरीत असताना तपासणीच्या वजनांची पेटी ते गाडीच्या डिकीत डाव्या कोपऱ्यात ठेवत. पेटी ऑफिसात जमा करून आठ वर्षं झाली, तरी एकोणीस वर्षांची ती गाडी अजूनही डावीकडे झुकून उभी राहायची. "तिला अजून निवृत्तीचं पत्र मिळालेलं नाही," असं नाना म्हणायचे, आणि म्हणताना बॉनेटवरून हात फिरवायचे.

महिनाभर या गाडीला ताप येत होता. दहा-बारा मिनिटं चालली की काटा लाल पट्ट्यात आणि वाफ बाहेर. परवा लेकीची ड्यूटी दुपारची होती. अर्ध्या रस्त्यात काटा चढला, तेव्हा नानांनीच फोनवर सांगितलं, "हीटर पूर्ण लाव. इंजिनाची उष्णता आत येईल, इंजिन वाचेल." इंजिन वाचलं. भर उन्हात हीटर लावून लेक हॉस्पिटलात पोचली तेव्हा दारावरच्या माणसांनी तिला गाडीतून उचलून थेट स्ट्रेचरवर घातलं. आपण इथल्या मुख्य परिचारिका आहोत हे पटवून देईपर्यंत तिला सलाइन लागलं होतं.

घरी आल्यावर तिनं भंगारवाल्याला फोन केला. शनिवार, दुपारी एक.

"नाना, एकपर्यंत बरी झाली तर राहील. नाही तर जाईल," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्ही राहाल," बायको आतून म्हणाली. "पण नाही जमलं, तर या घरातल्या कुठल्याही यंत्राचं झाकण पुन्हा उघडायचं नाही. कपडे धुण्याचं यंत्र मी विसरलेले नाही."

कपडे धुण्याचं यंत्र नानांनी एकदा उघडून परत बसवलं होतं. त्यानंतर ते कपडे धूत धूत दिवाणखान्यातून दारापर्यंत आलं आणि त्यानं बेल वाजवायचंच काय ते बाकी ठेवलं.

"आणि जमलं तर?" नानांनी विचारलं.

"तर बॉनेट कायमचं तुमचं. मी कधी 'हात काळे झाले' म्हणणार नाही."

शनिवारी सकाळी नऊ वाजता लेकीनं गाडीच्या काचेला पॅड लावलं आणि तापाचा तक्ता सुरू केला. वॉर्डातली शिस्त ती घरीही मोडत नसे. नोंदी अशा होत्या: 'नऊ पाच, काटा तळाशी, रुग्ण शांत. नऊ बारा, काटा मधोमध, किंचित गुरगुर. नऊ अठरा, काटा लाल पट्ट्याच्या उंबऱ्यावर, रुग्णाला दरदरून घाम. इंजिन बंद केलं.'

नाना रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत होते तेवढ्यात तिनं फडक्यानं तो हात बाजूला सारला. "तापलेलं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी तोंडावर येतं. भाजलेल्यांचा वॉर्ड मला घरी नकोय."

तेव्हा गाडी निवेपर्यंत सगळे थांबले. या काळात शेजारचे दातांचे डॉक्टर चपला फटफटवत आले. त्यांना मत विचारावं लागत नसे. बॉनेटमध्ये डोकावून ते म्हणाले, "आऽऽ करायला सांगा." कुणी हसलं नाही म्हणून त्यांनी गंभीरपणे जोडलं, "मुळाशी किडलंय. काढून टाका."

"काय काढून टाकू?"

"ते मी आत हात घातल्यावर सांगतो. पेशंटला आधी सांगायचं नसतं."

गाडी निवली. झाकण उघडलं, आतलं कूलंटचं पाणी काठोकाठ. खाली जमिनीवर थेंब नाही. रबरी पाइप दाबून पाहिले, कुठे चीर नाही. इंजिनाचा पट्टा ताणलेला. नानांचं मन उलट खचत गेलं. सगळं ठीक असलेला रोगी हा सगळ्यात वाईट रोगी, हे त्यांनी लेकीकडूनच ऐकलं होतं.

"थर्मोस्टॅट असणार," ते म्हणाले. थर्मोस्टॅट म्हणजे वाटीएवढी एक झडप. पाणी तापलं की ती उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे गार व्हायला सोडते. ती चिकटून बसली तर पाणी आतच उकळत राहतं. नानांनी पान्यानं दोन बोल्ट काढले, झडप बाहेर काढली आणि तडक स्वयंपाकघरात नेली.

बायकोनं गॅसकडे पाहिलं. तिच्या दुधाच्या पातेल्यात, पाण्याखाली, गाडीचा एक अवयव बसला होता आणि शेजारी नानांचा तपासणीचा थर्मामीटर उभा होता.

"काय शिजतंय?"

"थर्मोस्टॅट."

"मीठ घालू?"

"अगं, ब्याऐंशी अंशाला उघडायला पाहिजे. आता कळेल."

सत्तर झाले, पंच्याहत्तर झाले. डॉक्टरांसह चौघंही पातेल्यावर ओणवे. एखाद्या बाळाच्या पहिल्या पावलाची वाट पाहावी तशी शांतता. ब्याऐंशीला झडप शिंपल्यासारखी अलगद उघडली.

"वा!" डॉक्टर म्हणाले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ही वाईट बातमी आहे.

नवी वायसर घालून थर्मोस्टॅट परत बसवला, कूलंट भरलं, तोवर बारा वाजले. दुधाचं पातेलं आता गाडीचं झालं होतं. बायकोनं ते उचलून डिकीत ठेवलं.

पुन्हा इंजिन सुरू. तक्ता पुन्हा चढू लागला. बारा तेराला काटा लाल पट्ट्याजवळ आला आणि पंखा घुर्रकन सुरू झाला. पंखाही ठीक! नानांनी कपाळ पुसलं.

"पंखा फिरतोय, पण हवा ओढतोय का?" लेकीनं विचारलं. "श्वास घेणं वेगळं आणि छाती हलणं वेगळं."

तिनं तक्त्याचा एक कोरा कागद फाडला आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर धरला. पंखा आतून हवा ओढत असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला हवा. तिनं हात सोडला. कागद निवांतपणे खाली पडला. तिनं पुन्हा धरला. तो पुन्हा पडला, या वेळी थोडा कंटाळून.

"जाळीच्या मागे काहीतरी अडकलंय. पण जाळी खोलेपर्यंत एक वाजेल," लेक म्हणाली आणि घड्याळाकडे बघून तिनं इंजिन बंद केलं.

याच क्षणी नानांना सगळं आठवलं.

थंडीत गाडी लवकर गरम होत नव्हती. तेव्हा एका जुन्या ट्रकवाल्याच्या सल्ल्यानं त्यांनी इस्त्रीच्या टेबलाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून जाळी आणि रेडिएटरच्या मधे सरकवला होता. थंडीत तो कामाचाच होता. पण थंडी गेली आणि पुठ्ठा राहिला. दुसऱ्या कुणी कापला असता तर वेडावाकडा कापला असता, बाजूनं हवा गेली असती आणि इंजिन वाचलं असतं. नानांनी तो मोजून कापला होता. केसाएवढी फट नव्हती. वरची कड धुळीनं काळी पडली होती, आणि आता तो पुठ्ठा गाडीबरोबर कारखान्यातूनच आलाय असं वाटत होतं.

सांगावं तर गाडी वाचते आणि बॉनेट जातं. न सांगावं तर दोन्ही जातं. नानांनी तिसरा रस्ता काढला.

"मला..." त्यांचा आवाज खरोखरच कापला, "मला दोन मिनिटं गाडीजवळ एकट्याला राहू द्या."

लेकीचे डोळे भरून आले. एकोणीस वर्षं! तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईला घेऊन आत गेली. "लोक दाढ काढायच्या आधीही असंच करतात," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले आणि चहाच्या आशेनं मागोमाग गेले.

एकटे पडताच नानांनी पुठ्ठा उपसला. तो बराच गरम होता. ठेवायला जागा नव्हती. डिकीत ठेवावा तर डिकी कुरकुरते, ती सगळ्या आळीला ऐकू जाते. त्यांनी शर्टाची बटणं सोडली, पुठ्ठा पोटावर उभा धरला आणि बटणं लावून टाकली. वेळ बारा वीस. ही ती घटना, जी घडलेली नाही.

"आता लावून बघू, शेवटचं," सगळे बाहेर आल्यावर ते म्हणाले.

काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला. दहा मिनिटं. पंधरा. पंचवीस. लेकीनं कागद जाळीवर धरला. तो लेकराच्या हातासारखा घट्ट चिकटून बसला. तिनं अविश्वासानं नोंद केली: 'बारा पंचेचाळीस, ताप नाही.'

"अहो, काय केलंत?" बायकोनं विचारलं. तिच्या आवाजात बऱ्याच वर्षांनी कौतुक होतं.

"बोललो तिच्याशी," नाना म्हणाले. त्यांना मान खाली घालता येत नव्हती, कारण हनुवटीखाली पुठ्ठ्याची कड होती.

"नाना, खाली बसा की जरा," लेक म्हणाली.

"नको. उभाच बरा आहे."

"किती ताठ झालेत बघा अभिमानानं," डॉक्टर म्हणाले. "दिलं पाहिजे बॉनेट तुम्हाला."

"दिलं," बायको म्हणाली.

बरोबर सात मिनिटं बॉनेट नानांचं होतं. मग फाटक वाजलं आणि भंगारवाला आला. गाडी विकायची नाही कळल्यावर तो नाराज झाला नाही. लोक ऐन वेळी हळवे होतात हे त्याला ठाऊक होतं. पण रिकाम्या हातानं परत जायचा त्याचा रिवाज नव्हता. त्यानं अंगणावरून, व्हरांड्यावरून आणि शेवटी नानांवरून एक धंदेवाईक नजर फिरवली.

"काका," तो म्हणाला, "शर्टातला पुठ्ठा देताय का?"

लेकीनं परिचारिकेच्या सराईत हातानं दोन बटणं सोडली आणि पुठ्ठा बाहेर ओढला. त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे रेडिएटरकडे तोंड असलेल्या बाजूला, नानांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'थंडी संपताच विनाविलंब काढून टाकणे. विसरू नये.' खाली सही आणि तारीख होती.

"सूचना लिहिली होती मी," नाना म्हणाले.

"कुणासाठी? इंजिनासाठी?" बायकोनं विचारलं.

डॉक्टरांनी चहाचा कप ठेवला. "म्हणजे किडलेलं मूळ घरातच होतं," असं म्हणून ते निघून गेले, कारण असं वाक्य रोज सुचत नाही.

निकाल लगेच लागला. गाडीत दोष नव्हता, म्हणून गाडी राहिली. बॉनेट काढून घेतलं गेलं. पुठ्ठा भंगारवाल्यानं नेला, आणि लेकीनं तक्त्यावर शेवटची ओळ लिहून सही केली: 'रुग्ण आपोआप बरा. नातेवाइकांना वॉर्डाबाहेर बसवावे.'

संध्याकाळी नानांनी गाडीवरून हात फिरवला, बॉनेट सोडून बाकी सगळीकडे. मग ते आत जाऊन बराच वेळ लिहीत बसले. दुसऱ्या दिवशी फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद होता. तो अजून तिथेच आहे, आणि त्याच्यावर दुधाचा हिशोब सुरू झालाय.

'प्रति, मा. गृहप्रमुख, स्वयंपाकघर.
विषय: बॉनेट उघडण्याचा अधिकार पूर्ववत मिळणेबाबत.
महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, सदर इंजिन अर्जदारानेच दुरुस्त केले असून ते बिघडवण्यातही अन्य कोणाचा सहभाग नव्हता, ही बाब अर्जदाराच्या सर्वांगीण अनुभवाची निदर्शक समजण्यात यावी. सबब, तापाच्या तक्त्यातील "आपोआप" हा शब्द वगळून तेथे अर्जदाराचे नाव घालावे, पुठ्ठा पुरावा म्हणून परत मागवावा, आणि येत्या थंडीपूर्वी अर्जदारास नवीन पुठ्ठा कापण्याची परवानगी देण्यात यावी, ही नम्र विनंती.'