घरोघरी फिरणारी वही

दर्यापूरच्या प्रज्ञा मुलींच्या वसतिगृहाची ठराववही तीस वर्षं घरोघरी फिरत होती. कार्यकारिणीच्या बैठकीला सात सदस्यांतले चार जण जमायचे. कुणाचा कापूस वेचायला आलेला, कुणाची सून बाळंत. मग सचिवानं वही पिशवीत घालून उरलेल्यांच्या घरी जायचं, चहा प्यायचा, काय ठरलं ते सांगायचं आणि हजेरीची सही घ्यायची. कायद्याच्या माणसाला हे ऐकून घाम फुटेल, पण संस्था चालली होती.

सचिव ज्योत्स्ना याच वसतिगृहात राहून शिकली. आता ती अमरावतीला एका क्लासच्या ऑफिसात नोकरी करत होती. तिला घ्यायची शेवटची सही अकोल्याची असायची. संस्था काढणाऱ्या सुंदराबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून तिथे मुलाकडे, धर्मेंद्रकडे, राहायला गेल्या होत्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक उरकली की ज्योत्स्ना अकोल्याची बस धरायची. आजी एकेका पोरीचं नाव घेऊन विचारपूस करायच्या. डॉक्टरांनी सांगितलेला चालायचा सराव त्या नेमानं करत होत्या, आणि निघताना दर वेळी बजावत, "मले दर्यापूरले बैठकीले याचं आहे. एक डाव तरी. पाहाजो तू."

अशात पुण्याच्या एका देणगीदार संस्थेचं पत्र आलं. नव्या खोल्यांसाठी मदत देऊ, पण संस्थेची लेखी धोरणं पंधरा दिवसांत हवीत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना पंधरा दिवस पुष्कळ वाटतात. ज्योत्स्नानं इंटरनेट धुंडाळलं आणि कुठल्याशा मोठ्या संस्थेचा चाळीस पानी नमुना तिच्या हाती लागला. वर ठळक अक्षरांत सूचना होती, की आपल्या कामकाजाप्रमाणे बदल करूनच हा वापरावा.

तिनं बदल केले, तेही मन लावून. परदेश प्रवासाचं पान काढलं, कार्यालयाच्या गाडीचं काढलं. सलग तीन बैठकांना गैरहजर राहणाऱ्याचं सदस्यत्व आपोआप संपेल, हे कलम ठेवलं. ते कसं शिस्तीचं वाटत होतं. त्याखाली आजारी सदस्याला फोनवरून हजर राहायची मुभा होती, ती काढली. आपल्याकडे फोनवर कोण बैठकीला बसतं? आणि फिरत्या वहीची पुण्याच्या लोकांपुढे तिला लाज वाटली, म्हणून एक वाक्य पदरचं घातलं: हजेरीची सही बैठकीच्या जागीच घेतली जाईल. चाळीस पानांत तिचं स्वतःचं असं वाक्य तेवढं एकच.

हे धोरण मंजूर करणारी शेवटची सही सुंदराबाईंनी अकोल्यात पलंगावर बसून केली.

"वाचून दाखवू का, आजी?"

"तू लिवलं ना? मंग वाचाले कायले पाहिजे?"

पुढच्या महिन्यापासून वही दर्यापुरातच राहिली आणि अकोल्याची बस धरायचं कारण सरलं. फोन करावा असं ज्योत्स्नाला रोज वाटायचं. पण वही का आणत नाहीस, या प्रश्नाला उत्तर काय देणार? आज करू, उद्या करू, असं करत तिसरी बैठकही झाली. अध्यक्ष रागिणीताई हजेरी बघत होत्या, त्या एकदम थांबल्या.

"ज्योत्स्ना, आजीच्या नावापुढं तिसरी फुली पडली वो."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणावं, तर पाय दुसऱ्याचा होता. पुढच्या बैठकीत नियम बदलून आजींना परत घ्यायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. तोवर नियमाप्रमाणे सदस्यत्व संपल्याचं पत्र देणं भाग होतं, आणि ते ज्योत्स्नानं स्वतः नेलं.

सुंदराबाई भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. त्या फार वाळल्या होत्या. ज्योत्स्नानं त्यांचे पाय धरले आणि काढलेलं वाक्य, घातलेलं वाक्य, सगळं रडत रडत सांगून टाकलं.

"थांब," आजी म्हणाल्या. "वसतिगृह चालू आहे?"

"चालू आहे, आजी."

"पोरी?"

"बेचाळीस आहेत."

आजींनी तोंडाला पदर लावला. "मले वाटलं, बंद पडलं. वही नाई, फोन नाई. मले धक्का बसन म्हून सांगून नाई राहिले सारे. धर्मेंद्रले म्याच म्हटलं, नको विचारू." मग त्या हसल्या. "मले काढलं त काढू दे वं. पोरी आहेत ना! पुढच्या बैठकीले मी सोता येईन."

सदस्यत्व गेल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. तीन महिने त्या वसतिगृहासाठी झुरत पडल्या होत्या, आणि ते सबंध दुःख ज्योत्स्नाच्या एका वाक्यानं त्यांना दिलं होतं.

चहा करायच्या निमित्तानं धर्मेंद्रनं तिला आत बोलावलं. तो हळू आवाजात म्हणाला, "वही येनं बंद झालं अन् तिनं चालनं सोडलं. कुठं जाचं आहे आता मले, म्हने. मागच्या हप्त्यात डॉक्टरनं पाहिलं. पाय आखडला, आता उभं राहनं होनार नाई म्हनते. तिले अजून सांगतलं नाई."

ज्योत्स्ना कप घेऊन बाहेर आली. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, केस सारखे करत होत्या.

"कधी ठेवली बैठक?"

"पहिल्या रविवारी, आजी. अकरा वाजता," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिला हुंदका आवरला नाही.

"आता काहून रडून राहिली?" आजी म्हणाल्या. "येऊन राहिली ना मी."