न्हाणीगाडी

“गाडी हलवा. आत्ताच्या आत्ता.”

पंपाचं बटण दाबायला उचललेला ड्रायव्हरचा हात तसाच राहिला. वाहतूक हवालदार खिडकीच्या काचेवर काठी वाजवत होता.

“साहेब, वर्षभर या पुलाखालीच लागते ही गाडी. सोमवार-गुरुवार. हा परवानगीचा कागद.”

“कागद राहू दे खिशात. वरून फोन आलाय. इथून जाताना लोकांना नाक धरावं लागतं म्हणे.”

“म्हणून तर आंघोळी घालतो यांना,” ड्रायव्हर म्हणाला. हवालदार हसला नाही.

मागे वीसेक माणसं रांगेत होती. पुलाखाली, दुकानांच्या पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथे राहणारी. गाडीच्या मागच्या भागात दोन न्हाण्या होत्या, टपावर हजार लिटरची टाकी, खाली सांडपाणी सोडायचा जाडजूड पाइप. सरकारी कागदावर तिचं नाव बरंच लांबलचक होतं. रांगेतले लोक तिला न्हाणीगाडी म्हणत. ड्रायव्हरची आधीची वीस वर्षं टँकरवर गेली होती. टँकरच्या मागे लोक हंडे घेऊन भांडत धावायचे. इथे कुणी भांडत नसे, आणि तेच त्याला सोसत नसे. आत माणूस आंघोळ करत असला की हा बाहेर येरझाऱ्या घाली. काटा बघ, पाइप बघ, दार वाजवून “साबण पुरला का?” विचार. पायाला भिंगरीच.

“बाजाराच्या मागच्या बाजूला या,” त्याने रांगेला सांगितलं. काहींनी बोचकी उचलली. काही पुन्हा खाली बसले.

तो गाडी चालू करणार तोच शिवणबाई पुढच्या दाराशी आली. सगळ्यांचे फाटके कपडे सुईदोऱ्याने शिवून द्यायची, म्हणून शिवणबाई. छातीशी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं गाठोडं होतं.

“माझ्याच्याने चालत येववणार नाही, ड्रायव्हरदादा. आणि मला बाराच्या आत आंघोळ पाहिजे.”

“सगळ्यांनाच पाहिजे, बाई.”

“माझी लेक बाळंत झालीय.”

त्याने शेजारचं दार उघडलं.

गाडी चालू असताना तिने समोर बघतच सांगितलं. “काल गेले होते दवाखान्यात. वॉर्डच्या दारात सिस्टरने अडवलं. वाईट नव्हती हो ती. म्हणाली, आजी, आत कोवळी बाळं आहेत, आंघोळ करून या. आज बाराला सोडणार लेकीला. एकदा ती सासरी गेली की त्या उंबऱ्यावर मला पाऊल टाकता येत नाही.”

का, ते त्याने विचारलं नाही. या गाडीवर तेवढं तो शिकला होता.

बाजारामागे पाइप गटारात सोडतो न सोडतो तोच दोन व्यापारी आले. इथे लोक खायच्या वस्तू घेतात, असली गाडी इथे नको. ड्रायव्हरने हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पाइप गुंडाळून त्याने गाडी वळवली, तेव्हा पुलाखालून निघालेली पहिली माणसं धापा टाकत कोपऱ्यावर पोचत होती. एकाने बोचक्यासकट हात वर केला.

“पुलाखालीच जाऊन थांबा! मी येतो!” तो ओरडला. त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

बागेजवळ जागा होती, पण गटार नव्हतं. शाळेच्या रस्त्यावर गटार होतं, पण शाळा भरायची वेळ होती. घड्याळात पावणेअकरा. शिवणबाई गाठोड्याची गाठ सोडत होती आणि बांधत होती. सपाट जागा, दाराशी गटार, फोन करणारं कुणी नाही. अशी एकच जागा त्याला ठाऊक होती आणि नेमकी तीच त्याला नको होती.

त्याच्या इमारतीत सगळ्यांना वाटायचं, तो साहेबांची गाडी चालवतो. हे बायकोने पसरवलं होतं. त्यानेही खोडलं नव्हतं; उलट घरी येताना तो डेपोत कपडे बदलून येई.

गाडी त्याने इमारतीच्या फाटकासमोर उभी केली, पाइप गटारात सोडला, पंप सुरू केला. “जा बाई. गरम पाणी डावीकडच्या नळाला.”

पंपाच्या आवाजाने खिडक्या उघडल्या. बायको हात पुसत खाली आली.

“अहो! इथे? आपल्या दारात?”

“अर्धा तास फक्त.”

“कोण आहे आत?”

“एका बाळंतिणीची आई. लेकीला भेटायला जायचंय. अशी दवाखान्यात घेईनात.”

बायकोने बंद दाराकडे पाहिलं. पाइपातून गटारात मातकट पाणी येत होतं, येतच होतं. तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी मोबाइल उगारून आले.

“ही होय तुमच्या साहेबांची गाडी?” ते बायकोला म्हणाले. “आणि आत कुणाला घेऊन आलेत हे?”

ड्रायव्हरने मान खाली घातली. बायकोचे कान लाल झाले होते.

“साहेबच आहेत आत,” मग ती म्हणाली. “त्यांची आंघोळ होईपर्यंत थांबा. आणि तो मोबाइल खाली करा आधी. बायकामाणूस आहे.”

सेक्रेटरी तक्रार करतो म्हणत गेले. बायको नवऱ्याकडे वळली. “तुमच्याकडे संध्याकाळी बघते,” म्हणाली. पण दार उघडेपर्यंत तिथून हलली नाही.

शिवणबाई बाहेर आली ती ओळखू येईना. गाठोड्यातले कपडे जुनेच, पण घडी न मोडलेले. केस ओले, चेहरा लहान झालेला. बायकोने तिचा पदर पाठीमागून सरळ केला.

बाराला वीस कमी असताना ते दवाखान्याच्या फाटकाशी पोचले. ती आत गेली. हा गाडीभोवती फिरत राहिला. ऑफिसचा फोन दोनदा वाजला. त्याने घेतला नाही. तिसऱ्यांदा घेतला. गाडी कुठे आहे, तक्रार आलीय, उद्या डेपोत हजर व्हा. तो “बरं” म्हणाला.

ती परतली तेव्हा बारा वाजून गेले होते.

“भेटली लेक?”

“झोपली होती. उठवलं नाही मी. रात्रभर जागली असेल.” ती चढून बसली. “बाळ जागं होतं. सिस्टरने मांडीवर दिलं. ओळखलंच नाही तिने मला. म्हणाली, बसा ना आजी, उभ्या का? खुर्ची दिली मला.”

“आणि उठली असती तर?”

“मग रडलो असतो दोघी. जावई येऊन रागावला असता.” ती खिडकीबाहेर बघू लागली. “मुलगी आहे.”

पुलाखाली हवालदाराची पाळी संपलेली होती. रांगेत सातजण उरले होते. ड्रायव्हरने कुणालाही न विचारता पाइप सोडला. एक आत गेला, दुसरा आत गेला, तो टाकीचा काटा बघत फिरत राहिला.

खांबापाशी शिवणबाईची रोजची जागा होती, पुठ्ठा अंथरलेला. ती पुठ्ठ्याशेजारी उभी होती.

“बसा की शिवणबाई,” रांगेतलं कुणी म्हणालं. “पाय दुखतील.”

“बसेन,” ती म्हणाली.

सातवा माणूस न्हाऊन बाहेर आला, टाकी रिकामी झाली, ड्रायव्हरने पाइप गुंडाळला. गाडी वळवताना त्याने आरशात पाहिलं. ती अजून उभीच होती, दोन्ही हातांनी स्वच्छ कपडे खांबापासून जरा दूर धरून.