तोरणाचा खिळा

दाबमापकाचा काटा उतरला होता. काल संध्याकाळी पाचला विजयमालेनं नव्या पाइपात दाब भरून झडप आवळली, तेव्हा तो तीनशेवर होता. आता सकाळचे आठ वाजले होते आणि काटा एकशे नव्वदवर. पाइप कुठंतरी गळत होता.

बीडच्या बाहेरचं ते कार्यालय संकुल म्हणजे सात इमारती आणि अडीचशेच्या वर एसी. जवळच्या पाली गावाहून येऊन-जाऊन नऊ वर्षं विजयमालेनं त्यांच्या जाळ्या धुतल्या, तुंबलेल्या नळ्या फुंकल्या, उन्हात गच्चीवर बसून पंखे पुसले. आयटीआयचा दाखला असूनही पाइपाचा जोड मात्र कुणी तिच्या हाती दिला नव्हता. या उन्हाळ्यात खिडकीतली एसीची जुनी खोकी काढून नवी मशीनं बसवायला घेतली, माणसं कमी पडली, आणि सभागृहातले बावीस जोड तिनं मारले. पहिल्यांदाच.

ती कामाची नोंदवही उघडायला गेली, तर ठेकेदाराच्या मुकादमानं, बंकटनं, आधीच लिहून ठेवलं होतं : ‘जोड कच्चे. बाईचे काम.’

"बघितलं न्हाई, तपासलं न्हाई, अन् लिवून मोकळे?" तिचा आवाज चढला नाही, पण कानशिलं तापली.

"तपासायचं काय त्यात?" बंकट हसला. "पोळ्या भाजनं येगळं, मालाताई, अन् जोड मारनं येगळं. सोमनाथ, तू कावून गप बे? सांग की तिला."

सोमनाथ तिच्याबरोबर सहा वर्षं काम करत होता. तो शिडी धरून खाली बघत राहिला.

"अकरा दहाचा मुहूर्त हाय," बंकट म्हणाला. "पाव्हणे येऊन बटन दाबनार. पाइपात गॅस सोडून देऊ. चार दिस तरी गार हवा येतीय."

"अन् चार दिसांनी?"

"वही हायच की. जोड कुनी मारले ते लिवलंय."

म्हणजे गॅस गळून मशीन जळणार, आणि संकुलात पुन्हा कुठल्या बाईच्या हाती जोड द्यायचा नाही याला कायमचं कारण मिळणार. विजयमालेनं वाटीत साबणाचा फेस केला, ब्रश घेतला आणि शिडी चढली. एकेक जोड फेसानं माखला, एकेकापुढं श्वास धरून थांबली. बावीसच्या बावीस. एकही बुडबुडा नाही.

मग तिची नजर दारावर गेली. झेंडूचं लांबलचक तोरण, मधोमध लोखंडी खिळा. दारावरच्या गिलाव्यात पाइप दडवलेला होता, म्हणून तिनं तिथं निळ्या खडूनं ठळक लिहिलं होतं : इथं खिळा मारू नये. काल रंगाऱ्यानं त्यावरून रंगाचा हात फिरवला होता.

"तोरन कवा बांधलं?"

"काल तू गेलतीस त्याच्यानंतर," बंकट ऐटीत म्हणाला. "म्या सोता ठोकलाय खिळा."

ती शिडी घेऊन दाराशी गेली. तेवढ्यात संकुलाचे अभियंता आप्पाराव साहेब आले. "अहो बाई, मुहूर्ताच्या तोंडावर तोरण काढता?"

"देवाचं हाय, साहेब. खाली टाकत न्हाई." तिनं तोरण उतरवलं, कपाळाला लावलं आणि टेबलावर ठेवलं. मग पक्कड लावून खिळा उपसला.

सणसणीत फुत्कार उठला. गिलाव्याचा भुगा उडून बंकटच्या तोंडावर बसला.

काटा सर्रकन खाली चालला होता.

"ठोक की परत," बंकट डोळे चोळत म्हणाला. "बारापर्यंत निभंल."

"परत?" आता तिचा आवाज गच्चीपर्यंत गेला असता. "भोक तुमी पाडलं, नाव माझं लिवलं, अन् वरून माझ्याच हातानं झाकू? देवाच्या मुहूर्ताची सबब सांगता? मुहूर्त पूजेचा हाय, साहेब. पूजा करा, नारळ फोडा. मशीन उद्या सुरू व्हईल, काटा रातभर टिकला तर. आज गॅस सोडनार न्हाई, मी बी न्हाई, सोमनाथ बी न्हाई."

सोमनाथनं मान वर केली. "न्हाई सोडनार," तो पुटपुटला, मग पुन्हा, मोठ्यानं.

आप्पारावांनी घड्याळाकडं पाहिलं, भोकाकडं पाहिलं. "टेबलपंखे आणा," ते कुणालातरी ओरडले.

अकरा दहाला नारळ फुटला. पाहुणे घाम पुसत हसत होते. त्यांच्या मागं दारावरचा गिलावा फोडलेला होता आणि विजयमाला पाइपाचा भोकाचा तुकडा कापून काढत होती. कुणी शिडी बाजूला घ्यायला सांगितलं, तिनं घेतली नाही.

दुपारी तिनं वही बंकटपुढं ठेवली. वर तो खिळा ठेवला.

"खोडा. तुमच्याच हातानं. अन् खाली खरं लिवा."

बंकटनं कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि त्या ओळीवरून केसाएवढी बारीक रेघ ओढली.

विजयमालेनं वही उचलून उजेडात धरली, आणि परत त्याच्यापुढं आपटली.

"अजून वाचता येतंय."