लंबूकाकांच्या जागी झाडू

मुलीने आईच्या कॉलरला माइकचा चिमटा लावला आणि वायर स्वेटरच्या आत सरकवली.

"शूटिंग करतेस की गुदगुल्या?" आई म्हणाली. "आणि टेबल तरी धड पुसू दिलं असतंस. सगळं जग बघणार, हिच्या घरात हा पसारा."

"जग कुठलं बघतंय! आमचे सर बघतील आणि परीक्षक."

"मग तर पुसायलाच हवं."

आईने पुन्हा फडकं उचललं. मुलीने कॅमेरा सुरू केला.

माहितीपटांचा इतिहास शिकताना शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तिने हौसेने आईच्या लहानपणचा टीव्हीवरचा कार्यक्रम निवडला होता. लंबूकाका नावाचा बाहुलीचा जिराफ आणि त्याच्यासमोर बसलेली चिल्लीपिल्ली. आईसुद्धा एकदा त्या स्टुडिओत जाऊन बसली होती. लंबूकाकांनी मान खाली वाकवून 'काय गं, जेवलीस का?' असं आपल्याला विचारलं, हे आईने इतक्यांदा सांगितलं होतं, की ते आपल्याच लहानपणी घडलं असं मुलीला वाटायचं.

आणि मग जुन्या फिल्मच्या संग्रहालयात तिला त्या कार्यक्रमातून कापून टाकलेले तुकडे सापडले. त्यांत जिराफ नव्हताच! पोरांचे चेहरे जिराफाचं शूटिंग संपल्यावर वेगळे टिपलेले, जिराफ तोवर पेटीत झोपलेला. मुलांनी वर बघावं म्हणून एका माणसाने जळमटं काढायचा लांब झाडू उंच धरला होता. वर एक टोपी अडकवलेली.

सर जाम खूश झाले होते. "जुने माहितीपटवाले हेच करत आले. लोकांकडून नाटक करून घ्यायचं आणि खरं म्हणून दाखवायचं. आईला कॅमेऱ्यासमोर झाडू दाखव. तिचा चेहरा पडला की तिथेच थांब. तुझी फिल्म तिथे आहे."

तिने मान डोलावली होती. आता त्या मान डोलावण्याचीच तिला लाज वाटत होती. पण कॅमेरा सुरू होता, फिल्म द्यायची तारीख डोक्यावर होती, आणि सरांसमोर दुसरं काही ठेवायला तिच्याकडे नव्हतं. तिने लॅपटॉप आईकडे वळवला.

पडद्यावर पोरांच्या रांगा आल्या, मग झाडू, झाडूवरची टोपी. मुलगी कॅमेऱ्यातून आईच्या चेहऱ्याकडे श्वास रोखून बघत राहिली.

आईचा चेहरा पडला नाही. ती खुदकन हसली.

"हाच तो झाडू. अजून आहे म्हणायचा!"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मी काय आंधळी होते? गोटूचा हिरमोड होऊ नये म्हणून मी ते जेवलीस का वगैरे रचलं. पुढे तुलाही तेच सांगत राहिले. सवय लागली."

गोटू म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मुलीने हा मामा कधी पाहिला नव्हता. घरात त्याचा एकच फोटो होता, तोही पाळण्यातला.

पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. एक हडकुळा मुलगा. बाकीची पोरं वर बघत होती, हा मात्र बाजूला बघून पोट धरधरून हसत होता. हा तुकडा मुलीला पाठ होता. त्याच्या डब्यावर संकलकाने लिहिलं होतं, 'नजर चुकली, बाद.' एकाची नजर भलतीकडे असली की चित्र जुळत नाही, हे सरांनी वर्गात याच तुकड्यावरून शिकवलं होतं.

"थांबव," आई म्हणाली. "गोटू."

मुलगी पडद्याकडे बघतच राहिली.

"माझ्याकडे बघतोय. दिव्यांना घाबरून रडायला लागला होता, म्हणून मी बाजूला बसून नाक वर करून दाखवत होते, डुकरासारखं." आईने डोळे पुसले. "कार्यक्रम लागला तेव्हा शेजारच्यांकडे बघायला गेलो. सगळी पोरं दिसली, एकटा हाच नाही. मला म्हणाला, ताई, मी नीट हसलो नाही का गं? आजारपणात पडून होता तरी तेच विचारायचा. त्याच थंडीत गेला."

"इतका छान हसतोय," आई म्हणाली. "मग का काढला गं त्याला? तू शिकतेस ना हे सगळं?"

"फिल्मला डाग पडला होता तिथे," मुलगी म्हणाली. "खूप मोठा. आता मशीनवर साफ केलाय."

"डाग होय?"

"हो. त्याचं काही चुकलं नव्हतं. कोणाचंच नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग तिने खुर्ची पुढे ओढली.

"लाव परत."

मुलीने तुकडा पहिल्यापासून लावला. रडवेला गोटू दिव्यांकडे बघत होता, ओठ काढून. आई पडद्याजवळ झुकली आणि एका बोटाने तिने आपलं नाक वर ढकललं. गोटू वळला आणि हसत सुटला.

मुलीने हात लांब करून कॅमेरा बंद केला.