वॉसच्या बिअरघरातला दोन कानांचा जोड

सांगा पाहू, एखादी वस्तू घ्यायला निघालात तर विश्वास कोणावर ठेवाल? विकणाऱ्यावर, ती आधी घेऊन बसलेल्या शेजाऱ्यावर, की त्या वस्तूवरच? मी स्वतः वस्तू आहे, तरी सांगतो, चकाकीवर तर मुळीच ठेवू नका. चकाकायला काही लागत नाही.

मी पाइपचा जोड बोलतोय. स्टीलचा, दोन भागांचा. एक भाग तोटीवर बसतो, दुसरा पाइपच्या टोकावर. एक दुसऱ्यात सरकवायचा, बाजूचे दोन कान खाली दाबायचे, की झालो घट्ट. कान वर केले की मोकळा. पाना नको, खटपट नको. आतून मात्र मी अगदी सरळ पोकळ आहे. माझ्या पोटात काही लपलेलं नाही.

एका ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पण मला शहाणपण आलं ते बर्गन शहरात, हॉलदिस नावाच्या बाईंच्या दुकानात. घरी बिअर करणाऱ्यांना लागणारं सगळं तिथे मिळतं. मला त्यांनी नमुना म्हणून काउंटरवर ठेवलं होतं. येणारा प्रत्येकजण माझे कान वरखाली करायचा आणि बोलायचा. मी ऐकत राहिलो. व्यापार मला कोणी शिकवला नाही, माणसांनी तो माझ्यासमोर सांडला आणि मी उचलला.

एक गृहस्थ होते. तोटीचे आटे टेपने मोजून आले आणि त्या मापाचा जोड मागू लागले. अर्ध्या इंचाचे आटे टेपने मोजले तर कधीच अर्धा इंच भरत नाहीत, हे त्यांना ठाऊक नव्हतं. जोड बसला नाही, तेव्हा तोटीचा फोटो काढून ते परत आले. हॉलदिसबाई म्हणाल्या, "फोटो नको हो, तोटीच काढून आणा. फोटोला आटे बसवता येत नाहीत." ते खरंच तोटी घेऊन आले, आणि हसत गेले.

दुसऱ्या एकाने बागेच्या पाइपचा प्लास्टिकचा जोड उकळत्या काढ्याला लावला. काढा म्हणजे मोड आलेल्या जवाचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते. जोड मऊ पडला, पाइप सुटला, आणि बायकोचे मोजे आठवडाभर फरशीला चिकटत राहिले. तो सांगायचा, "घटस्फोट टळला, पण फरशी बदलावी लागली."

मला कुतूहल वाटायचं ते एका गोष्टीचं. माणसं जोड निवडताना माप विचारतात, धातू विचारतात. आतून काय जाणार आहे, ते कोणी आपणहून सांगत नाही.

एका शरदात रागना आली. बर्गनमध्ये नोकरी करणारी, वॉस गावच्या एका शेतघरातली मुलगी. म्हणाली, "बाबांचा खांदा गेलाय. ओगराळ्याने गरम पाणी उपसणं त्यांना जमत नाही. पंप घेतलाय, आता जोड हवेत. यंदा नाताळची बिअर झाली नाही, तर ते कायमचं बंद करतील."

"काढ्यात काय काय असतं?" हॉलदिसबाईंनी विचारलं.

"जव, पाणी, आणि हॉप्सची कडू फुलं पिशवीत बांधून."

तिने माझ्या शेजारचा चकचकीत जोड निवडला. त्याच्या पोटात स्प्रिंगचं झाकण. काढला की झाकण आपोआप बंद, थेंबही सांडत नाही. खोटं नाही, तो खरंच सांडत नसे. तरी हॉलदिसबाईंना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी मला उचलून तिच्या पिशवीत टाकलं. "हा नमुना असू दे बरोबर. लागला नाही तर परत आण."

वॉसला पोचल्यावर कळलं की रागना खोटं बोलली नव्हती, पण पूर्ण खरंही नाही. तिच्या घरी बिअरचं पाणी जुनिपर नावाच्या झुडपाच्या हिरव्या फांद्या घालून उकळतात. बारीक, टोकदार, सुईसारखी पानं असतात त्यांना. लहानपणापासून ती त्या वासाच्या पाण्यावर वाढलेली. तिच्या लेखी फांद्या वेगळी वस्तू नव्हतीच. पाणी म्हटलं की त्या आल्याच. म्हणून दुकानात तिने पाणीच सांगितलं.

अंगणापलीकडच्या बिअरघरात तांब्याचा हंडा उकळत होता. वडील, सिव्हर्ट, हात मागे बांधून पंपाकडे असे बघत होते, जसा एखादा सासरा जावयाकडे बघतो. रागनाने चकचकीत जोड हंड्याच्या तोटीवर बसवला आणि पंपाचं बटण दाबलं. पाणी चढलं, थोडं वाहिलं, मग पंप घरघरला आणि ओरडू लागला. तिने घाईने बंद केला.

"बाबा, पंप गेला."

"गेला? आत्ताच तर आला होता."

तिने जोड सोडवला. आत स्प्रिंगभोवती जुनिपरची पानं गच्च बसली होती. पाण्याला वाटच नव्हती.

"फांद्या किती घातल्यात हो?"

"दरवर्षी घालतो तेवढ्याच."

"यंदा काढून टाकू या ना. नुसत्या पाण्यात करू."

"नुसत्या पाण्याची बिअर दुकानात मिळते. ती करायला मी कशाला हवा?"

"मग एक काय ते ठरवा. फांद्या, नाहीतर पंप!"

सिव्हर्टनी भिंतीवरचं लांब दांड्याचं ओगराळं उतरवलं आणि हंड्यात बुडवलं. छातीपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. ओगराळं कलंडलं, पाणी परत हंड्यात पडलं. पुन्हा उचलायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. ओगराळं हळूच खाली ठेवलं.

"ब्रिन्युल्फला फोन कर," ते म्हणाले. ब्रिन्युल्फ म्हणजे शेजारी. "आपलं विरजण त्याला देऊन टाकू. त्याचे खांदे शाबूत आहेत."

विरजण म्हणजे त्या घरचं यीस्ट, पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं. ते देणं म्हणजे घरातली बिअर संपणं. रागनाने फोन हातात घेतला, आणि मग तो ठेवून पिशवी उलटी केली. मी खणकन फरशीवर पडलो.

तोटी बंद करून तिने आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, मला बसवलं, कान दाबले. सिव्हर्टनी माझ्या भोकाला आधी डोळा लावून पाहिलं होतं. "ह्याच्या आरपार खिडकी दिसते," एवढंच म्हणाले.

पंप सुरू झाला. जुनिपरचं पाणी माझ्यातून गेलं, पानांसकट. गुदगुल्या झाल्या, पण अडकलं काही नाही. वरच्या लाकडी पिंपात जवावर पाणी पडू लागलं आणि खोलीभर तो वास सुटला. सिव्हर्ट स्टूल ओढून बसले. बिअर होत असताना ते बसलेले रागनाने पहिल्यांदाच पाहिले असावेत, कारण ती सारखी वळून बघत होती.

आता माझा दोष सांगतो. पुढे मला पिंपाच्या तोटीवर लावलं. काढा हंड्यात उतरत असताना पाइप हलवायचा होता. स्प्रिंगवाल्याची सवय डोक्यात ठेवून रागनाने तोटी बंद न करताच माझे कान वर केले. भसकन गरम, चिकट काढा तिच्या बुटांवर. जाड बूट होते म्हणून पाय वाचले.

"आधी तोटी, मग कान!" सिव्हर्ट ओरडले.

"कळलं हो!"

"तुला नाही, बुटांना सांगतोय."

काढा निवल्यावर विरजण घालायची वेळ झाली. तिथे ते घालताना मोठ्याने आरोळी ठोकतात, म्हणजे बिअर जोमदार होते. सिव्हर्टनी भांडं मुलीच्या हातात दिलं. ती लाजत काहीतरी बोलली.

"पुटपुटलीस तर बिअरही पुटपुटेल. ओरड!"

ती अशी ओरडली की गोठ्यातल्या मेंढ्यांनी उत्तर दिलं.

बिअर तयार झाली तशी चव घ्यायला शेजारी जमले. ब्रिन्युल्फने मला खिळ्यावरून काढून न्याहाळलं. "मलाही पंप घ्यायचाय. कोणता जोड घेऊ?"

"हाच घे," रागना म्हणाली. "पानं जातात, कोंडा जातो, कुठे अडकत नाही."

सिव्हर्ट खाकरले. "आणि?"

"आणि काय?"

"पुढचं सांग त्याला."

रागनाने पाय पुढे केला. "आणि तोटी उघडी राहिली तर सगळं सांडतो. हे बघ बूट."

"अच्छा! म्हणजे यंदाची निम्मी बिअर तू पायांनीच प्यायलीस!" ब्रिन्युल्फ म्हणाला, आणि सिव्हर्ट खांदा धरून हसले.

मी अजून त्याच बिअरघरात आहे. माझं रबरी वॉशर बदललंय, एक कान जरा सैल झालाय. चकचकीत भाऊ गाळलेली, स्वच्छ बिअर पिंपात भरताना लावतात, आणि तिथे त्याच्यासारखा दुसरा नाही. सिव्हर्ट स्टुलावरून हुकूम सोडतात. विरजण घरातच आहे.

मंडळी, तुम्हीही कधी असा घाट घातलात, तर जोड कोणताही घ्या. आतून काय जाणार ते विकणाऱ्याला पूर्ण सांगा. आणि कोणी शेजारी विचारायला आला, तर हिशोब खरा द्या. किती वाहिलं ते सांगाल, तसं किती सांडलं तेही सांगा.